हॉटेलची खोली आणि आपले न्हाणीघर

घर बांधताना आपण दिशा पाहतो, मुहूर्त पाहतो, दिवाणखान्याच्या छताला पीओपी करायचे की नाही यावर महिनाभर खल करतो. न्हाणीघराची वेळ येईपर्यंत मात्र पैसा आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. उरलेली जागा, दुकानात सर्वांत चकचकीत दिसलेली टाईल आणि आत उघडणारे एक दार, एवढ्यावर काम उरकते. घरातल्या वृद्धांच्या दृष्टीने हीच सर्वांत धोक्याची खोली असते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल याचाच क्रमांक लागतो. म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात. खुबा मोडला की शस्त्रक्रिया आली, अंथरूण आले, आणि मागोमाग पाठीला होणाऱ्या जखमा व न्यूमोनिया यांचे भय आले. कालपर्यंत देवळात चालत जाणाऱ्या आजी कायमच्या परावलंबी होतात.

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने दोन दिवस हॉटेलात राहण्याचा योग आला. हॉटेल मध्यमच होते, पण खोली नीट निरखली तेव्हा आपल्या घरांना घेण्याजोगे बरेच काही दिसले.

पहिली गोष्ट म्हणजे न्हाणीघरातील फरशी. ती खरखरीत होती आणि आंघोळीची जागा कमोडच्या जागेपासून वेगळी केलेली होती. त्यामुळे संडासला जाणाऱ्याचा पाय ओल्यात पडत नव्हता. आपल्याकडे दोन्ही एकत्र असले, तरी पाण्याचा उतार योग्य काढून हे साधता येते.

दुसरी गोष्ट कमोडशेजारच्या भिंतीतील पोलादी दांडी. उठता-बसता तिचा भक्कम आधार मिळतो. टॉवेल वाळत घालायची दांडी मात्र या कामाची नव्हे. तिच्यावर अंगाचा भार टाकला तर दांडी आणि माणूस दोन्ही खाली येतील. आधाराची दांडी गवंड्याकडून पक्क्या भिंतीत, लांब बोल्टने बसवून घ्यावी.

तिसरी गोष्ट उजेडाची. दिव्याचे बटण पलंगावर हात पोहोचेल अशा ठिकाणी होते आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा जळत होता. मधुमेह, प्रोस्टेट किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळे वृद्धांना रात्री दोन-तीनदा उठावे लागते. झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून घेरी येते. म्हणून आधी दिवा लावावा, मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावे, मगच उठावे. वाटेत उंबरठा किंवा सुटे पायपुसणे नसावे.

चौथी गोष्ट गरम पाण्याची. हॉटेलात पाणी बाहेर तापून नळाने येते. आपल्याकडे गॅसचा गिझर पुष्कळदा न्हाणीघरातच, तोही खिडकी बंद असताना पेटवला जातो. कोंदट जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला रंग नाही, वासही नाही, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो. गॅसचा गिझर मोकळ्या हवेत बाहेरच बसवावा, फक्त पाण्याची नळी आत घ्यावी.

हॉटेलातले सारेच अनुकरणीय असते असे नाही. खोलीला उघडणारी खिडकी नव्हती, जमिनीवर धूळ धरणारा गालिचा होता. दम्याच्या रुग्णाला अशी खोली बाधेल. न्हाणीघराचे दारही आतच उघडणारे होते. आत कोणी पडले तर त्याच्याच अंगाने असे दार अडते. घरी ते बाहेर उघडणारे करावे आणि कडी बाहेरून सोडवता येईल अशी असावी.

एक अडचण मला नेहमी सांगितली जाते. वडिलांना दांडी बसवू म्हटले की ते चिडतात, ‘मी काय पांगळा झालो?’ असे विचारतात. त्यांना सांगावे की हॉटेलवाला ती पंचविशीतल्या पाहुण्यासाठीही बसवतो. जिन्याला कठडा असतो तशीच ही दांडी. त्यात कमीपणा कसला? गरोदर सुनेला, पाय मुरगळलेल्या नातवालाही तिचा उपयोग होतोच.

या साऱ्याचा खर्च खुब्याच्या एका शस्त्रक्रियेपुढे नगण्य आहे. पण आपण सांधा बदलायला कर्ज काढतो आणि दांडीसाठी पुढच्या दिवाळीची वाट पाहतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय सोडायला हवी. वाचकहो, आज रात्री घरातले दिवे मालवा आणि आपल्या आई-वडिलांच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा स्वतः चालून पाहा. कुठे काय दुरुस्त करायचे, ते तुमचे पायच सांगतील.