दाखल्याअभावी अडलेले पोलाद, दाखल्यासह आलेला बेदाणा

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने शुक्रवार, 13 जून 2025 रोजी एक आदेश काढला आणि सोमवार, 16 जूनपासून तो अमलात आणला. परदेशातून येणारे तयार पोलाद तर प्रमाणित हवेच, पण ते ज्या कच्च्या पोलादापासून बनले तेही भारतीय मानक ब्यूरोच्या कसोटीस उतरलेले असावे, हा त्याचा आशय. मध्ये दोन दिवस. तेही शनिवार आणि रविवार. एवढ्या अवधीत कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या लहान कारखानदाराने काय करावे अशी मंत्रालयाची अपेक्षा होती, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. पुढे काही प्रकारांना सूट मिळाली. आधी फास आवळावयाचा आणि मग तो सैल केल्याबद्दल आभार घ्यावयाचे, ही सरकारदरबारची जुनीच रीत आहे.

या भागाने ती रीत पुरेपूर अनुभवली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर नांगरांचा कारखाना वसविला. धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये साताऱ्यात आपला उद्योग उभारला. पुढे 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने अशा साऱ्यांनाच परवान्याच्या दोरीस बांधले. वस्तू आवश्यक आहे हा दाखला एका खात्याचा, ती देशात मिळत नाही हा दुसऱ्याचा, आणि परवाना तिसऱ्याचा. सांगलीच्या माणसाने मुंबईस खेटे घालावेत आणि तेथून दिल्लीचा रस्ता धरावा, असा तो मामला होता. मात्र त्या काळी सरकारपाशी एक सबळ सबब होती: परकीय चलनाचा तुटवडा. 1991 नंतर परवाने हटू लागले, 1 एप्रिल 2001 रोजी आयातीच्या संख्येवरील उरलीसुरली बंधनेही बहुतांशी उठली. 2025 मध्ये तर परकीय गंगाजळी सहाशे अब्ज डॉलरांच्या पुढे होती. सबब गेली, कारकून मात्र राहिला आणि त्याने परवान्याच्या जागी प्रमाणपत्र आणले.

सरकारच्याच आकड्यांप्रमाणे 2014 पर्यंत गुणवत्ता नियंत्रणाचे 14 आदेश होते व त्यांत 106 वस्तू येत. पुढच्या दहा वर्षांत आदेश दीडशेच्या वर गेले आणि वस्तू सहाशेच्या. प्रेशर कुकर वा हेल्मेट कसोटीस उतरावे, याविषयी दुमत नाही. आमचा आक्षेप पद्धतीस आहे. प्रमाणपत्र घ्यावयाचे ते परदेशी उत्पादकाने. त्याच्या कारखान्याची पाहणी करावयाची ती येथील अधिकाऱ्यांनी, त्याच्या खर्चाने. शिवाय बँकेची हमी आणि भारतात नेमलेला प्रतिनिधी. हजारो टन घेणाऱ्या बड्या गिऱ्हाइकासाठी तो ही यातायात करील. मिरजेच्या एखाद्या कारखान्याला पाच टन खास पोलाद हवे, तर जर्मनीतील वा जपानमधील उत्पादक एवढ्यासाठी अर्ज कशाला भरील? मग हा कारखानदार बड्या व्यापाऱ्याच्या दारी जातो आणि तो सांगेल तो भाव मोजतो. गुणवत्तेच्या नावाने काढलेला आदेश अखेर मक्तेदारीच्या पथ्यावर पडतो.

यंत्रांचेही तेच. पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, धातू कापण्याची यंत्रे यांना लागू होणारा आदेश 28 ऑगस्ट 2024 रोजी निघाला. तो वर्षभराने अमलात यावयाचा होता, तो 1 सप्टेंबर 2026 पर्यंत पुढे ढकलला गेला. कर्ज काढून परदेशी लेथ मागविणाऱ्याने आपला हिशेब कोणत्या तारखेवर बसवावा?

आता दुसरी बाजू पाहा. बेदाण्यावर शंभर टक्के आयात शुल्क आहे. अफगाणिस्तानच्या मालास मात्र दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारान्वये ते माफ आहे. चिनी बेदाणा अफगाणी म्हणून किंवा नेपाळच्या वाटेने चोरून बाजारात उतरतो, अशी तक्रार सांगली-तासगावच्या द्राक्ष बागायतदारांनी 2025 मध्ये मोठ्याने केली. तक्रार खरी असेल, तर उगमाचा खोटा दाखला घेऊन आलेला माल सीमेवरून निर्वेध आत येतो आणि खरे कागद हाती घेऊन उभा असलेला कारखानदार बंदरावर अडतो, असा अर्थ होतो. शेडवर बेदाणा सुकविणाऱ्याला भाव मिळत नाही आणि लेथवर काम करणाऱ्याला पोलाद मिळत नाही. दोघेही एकाच जिल्ह्याचे.

नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने कृत्रिम धागे व प्लॅस्टिक यांच्या कच्च्या मालावरील चौदा आदेश मागे घेतले. विट्याच्या यंत्रमागधारकांना त्याचे मोल सांगावयास नको. तीच दृष्टी लोखंड आणि यंत्रांच्या बाबतीत का नसावी? नव्या आदेशास किमान सहा महिन्यांची पूर्वसूचना हवी. स्वतःच्या कारखान्यात वापरण्यासाठी आणलेल्या अल्प मालास सूट हवी आणि तिचा निर्णय दिल्लीस न नेता पुण्याच्या कार्यालयातच ठराविक मुदतीत व्हावा. त्यामुळे जे अधिकारी मोकळे होतील त्यांना सीमेवर धाडावे आणि बेदाण्याच्या खोक्यांवरील दाखले तपासावयास सांगावे.