सात थरांची फळी

आमच्या बहिणीचा मुलगा नववीत आहे. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डचा खेळ पहिल्यांदाच आला आणि अवघ्या तेरा वर्षांच्या मोमिजी निशिया या जपानी मुलीने सुवर्णपदक पटकावले. भाच्याने ते दृश्य मोबाईलवर कितीदा पाहिले याची गणती नाही. शेवटी एके दिवशी तो म्हणालाच, "मामा, मला तसा बोर्ड पाहिजे."

दुकानात चौकशी केली. चांगला बोर्ड काही हजारांच्या घरात. आम्ही पडलो कारकून, बहीण घरी शिलाईकाम करते. आमच्यातला बी.कॉम. जागा झाला. चाके तेवढी विकत आणू, फळी घरीच करू, असा हिशेब मांडला. शेजाऱ्यांच्या कपाटाच्या कामातून उरलेला प्लायचा तुकडा मागून आणला, करवतीने कापला, भोके पाडली आणि चाके ठोकली. खर्च निम्म्याहून कमी. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या रविवारी ती फळी मधोमध मोडली. भाचा कोब्यावर आपटला, मनगटाचे हाड मोडले, दीड महिना प्लास्टर. तोही उजवा हात आणि घटक चाचणी तोंडावर. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, पैसे वाचव म्हटलं होतं मी. पोराचा हात नव्हता मोडायचा."

वाचकहो, चूक ना पोराची होती, ना खेळाची. ती आमची होती. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे आम्हाला कळले नव्हते. त्यानंतर आम्ही या फळीची माहिती मिळवली, सुतारांना विचारले. जे कळले ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या घरात असे घडणार नाही.

हा खेळ मुळात घरीच जन्मला. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी साध्या फळीला रोलर स्केटची चाके ठोकली आणि ती रस्त्यावर आली. चाके कडक, रस्त्यावर खडा आला की पोरगे तोंडावर पडायचे. १९७० च्या दशकात फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची चाके आणली. ती रस्ता धरून ठेवत. पोरे उड्या मारू लागली, तेव्हा साधी फळी पुरेना.

आज चांगली फळी सात थरांची असते. मेपल नावाच्या कठीण लाकडाचे सुमारे दीड मिलिमीटरचे सात पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवतात. पाच पापुद्र्यांचे धागे लांबीच्या दिशेने आणि दोघांचे आडवे, बहुधा तिसऱ्याचे आणि पाचव्याचे. लाकूड धाग्याच्या दिशेने चिरते. आडवा थर आला की चीर तिथेच अडते. म्हणून जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची फळी मोठ्या माणसाच्या उडीचा धक्का सोसते. आमच्या कपाटाच्या प्लायमध्ये थर होते, पण मधले लाकूड पोकळ आणि चिकटवण हलकी. कपाटाला ते चालते, कारण कपाटावर कुणी उड्या मारत नाही.

हे सात थर घरी दाबायचे कसे? कारखान्यात मोठे दाबयंत्र असते. कॅनडातल्या टोरांटो शहरात टेड हंटर या शिक्षकाने सोपी युक्ती बसवली. पापुद्र्यांना गोंद लावायचा, फोमच्या साच्यावर ठेवायचे, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि हातपंपाने पिशवीतली हवा काढून घ्यायची. मग बाहेरची हवाच फळी दाबते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. फळी ८० सेंटिमीटर लांब आणि २० रुंद धरली, तर १६०० चौरस सेंटिमीटर झाले. सगळी हवा निघाली तर दाब १६०० किलो! हातपंपाने सगळी निघत नाही, पण निघते तेवढी पुरते. हा हिशेब भाच्याला प्लास्टरमध्ये असतानाच करायला लावला. विज्ञानाच्या पुस्तकातला हवेचा दाब त्याला त्या दिवशी खरा समजला.

मेपलचे असे पापुद्रे आपल्याकडे सहज मिळत नाहीत. फर्निचरवर लावायचे व्हिनीअर कागदासारखे पातळ, ते इथे कामाचे नाही. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही ४ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तीन तुकडे घेतले. त्यावर 'आयएस ७१०' हा शिक्का पाहूनच घ्यावे. पाण्याला टिकणारा फेविकॉल दोन्ही सांध्यांत पातळ आणि सगळीकडे सारखा पसरला. वर-खाली सपाट जाड फळ्या ठेवल्या, सुताराकडून सहा क्लॅम्प मागून आणले आणि रात्रभर घट्ट आवळून ठेवले. पुढे आणखी एक दिवस हात लावला नाही. घाई करणाऱ्याची फळी उकलते.

मग पेन्सिलीने आकार काढला. करवत मोठ्या माणसाने धरावी, पोराने कानस आणि पॉलिश पेपर चालवावा. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला रुमाल हवाच, प्लायची धूळ छातीला वाईट. चाके ज्या धातूच्या दांड्यावर बसतात त्याला 'ट्रक' म्हणतात. दोन ट्रकसाठी चार-चार अशी आठ भोके ५ मिलिमीटरची पाडायची. ट्रकच फळीवर ठेवून खुणा केल्या तर चूक होत नाही. कडांना वार्निशचे दोन हात द्यायचे, पाणी कडेतूनच शिरते. वर पॉलिश पेपरसारखी खरखरीत ग्रिप टेप.

ही फळी सपाट असते. रस्त्यावर चालवायला आणि वळायला ठीक, उंच उड्यांना नाही. हे पोराला आधीच स्पष्ट सांगावे. ट्रक, चाके आणि बेअरिंग घरी करू नयेत. हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे विकतच घ्यावेत. त्यात काटकसर नाही. फळी तयार झाली की दोन विटांवर ठेवून आधी मोठ्याने उभे राहून पाहावे. कुरकुर ऐकू आली तर ती फळी भिंतीवरच्या मांडणीला वापरावी.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खेळ, आपल्या पोरांना कशाला? त्यांनी मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातले जनवार गाव आठवावे. २०१५ साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे स्केटबोर्डचे मैदान उभे केले. नियम दोनच ठळक. शाळा बुडवली तर बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. गावात आदिवासी आणि यादव अशा वस्त्या. त्यांची पोरे एका मैदानावर, एकाच बोर्डासाठी रांगेत उभी राहू लागली. त्याच गावची गोंड समाजाची आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळली. ज्या पोरीला गावाबाहेर जायला घरातून मुश्किलीने परवानगी मिळते, तिला त्या फळीने कुठवर नेले!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पोराने काही मागितले तर 'नाही' म्हणण्याआधी ते कसे बनते हे त्याच्यासोबत बसून पाहा. पण आमच्यासारखे अर्धवट ज्ञानावर बनवू नका. स्वस्त आणि कच्चे यांतला फरक आधी सुताराला विचारा. सुतारालाही विचारल्याचा आनंद होतो. आमच्या सुताराने क्लॅम्पचे भाडे घेतले नाही, उलट रविवारी स्वतः बघायला आला.

नवी फळी तयार झाली त्या दिवशी विटांवर आम्ही उभे राहिलो. वजन बहात्तर किलो. फळी किंचित वाकली आणि सरळ झाली. बहीण दारात उभी राहून पाहत होती, बोलली नाही. भाचा पुढे आला, तेव्हा आम्ही जनवारचा नियम सांगितला. मग सहावीतल्या त्याच्या बहिणीने हेल्मेट घातले आणि आईचा हात धरून पहिला पाय फळीवर ठेवला.