तारेंत ओंवलेलीं पत्रें

जुन्या घरांतून माजघराच्या खुंटीला एक वांकडी तार टांगलेली असे, आणि आलेलें प्रत्येक पत्र वाचून झालें म्हणजे त्या तारेंत ओंवलें जाई. आज एकत्र कुटुंबांचे वाडे विभागले जात आहेत. वांटणीच्या वेळीं भांडीं मोजलीं जातात, दागिने तोलले जातात, शेताच्या हद्दी ठरतात. पत्रांचा गठ्ठा मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. तो बंबांत जातो, नाहीं तर रद्दींत. या खेपेस त्या गठ्ठ्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमची ढोकी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होती. त्या राज्याचें टपालखातें निराळें व तिकिटेंहि निराळीं. बार्शीहून निघालेली छोटी रेल्वे 1911 सालीं लातूरला पोंचली, तिच्या वाटेवर ढोकीचें स्टेशन आहे. सरकारी कामकाज उर्दूंत चाले, पण घरचें पत्र मराठींत, आणि जुनें असेल तर बहुधा मोडींत. मोडी वाचणारें माणूस घरांत उरलें नाहीं, म्हणून तीं पत्रें आज निरुपयोगी वाटूं लागलीं आहेत. वास्तविक मायन्याचा व क्षेमकुशलाचा ठराविक भाग ओलांडला कीं पुढें खरा संसार लागतो: मुलीच्या बाळंतपणाची काळजी, ज्वारीचा भाव, धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च, सासुरवाडीचा रुसवा.

घरगुती पत्रांची किंमत काय, हें डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या उदाहरणावरून कळेल. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांतच नोकर होते. 1883 सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, आनंदीबाई एकट्या अमेरिकेस गेल्या व 1886 च्या मार्चमध्यें फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षीं 26 फेब्रुवारी रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. काशीबाई कानिटकर यांनीं त्यांचें चरित्र लिहिलें, त्याला मोठा आधार पत्रांचा होता. त्या पत्रव्यवहारांत परदेशची थंडी आहे, जेवणाची अडचण आहे, अभ्यास आहे. आणि एका पत्रांत, लहानपणीं आपल्याला कसा मार बसे याची गोपाळरावांस दिलेली स्पष्ट आठवणहि आहे. ज्यांनीं लिहावयास शिकविलें, त्यांनाच त्यांनीं लेखणीनें जाब विचारला. हें एक पत्र कोणी घराण्याच्या अब्रूच्या भीतीनें जाळलें असतें, तर आपल्यापाशीं एक आदर्श जोडपें उरलें असतें, परंतु खऱ्या आनंदीबाई उरल्या नसत्या.

तथापि पत्रांत सर्वच घर येतें असेंहि नाहीं. आनंदीबाई ज्या देशीं गेल्या, तेथील व्हर्जिनिया, मेरीलंड वगैरे प्रांतांतील सधन कुटुंबांचीं एकोणिसाव्या शतकांतील पत्रें विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जपून ठेविलीं आहेत. त्यांत आजारपणें, लग्नें, तंबाखूचें पीक, पाहुणे असें सगळें सांपडतें. पण त्याच घरांत स्वयंपाक करणारी व मुलें सांभाळणारी गुलाम स्त्री नुसत्या नांवापुरती डोकावते. गुलामांना एकत्र जमवून लिहावाचावयास शिकविण्यास व्हर्जिनियानें 1831 सालीं कायद्यानें बंदी केली होती. ती गुलामगिरी 1865 सालीं संपली, आणि त्याच सालीं आनंदीबाई जन्मल्या. पत्र लिहिणाराचें घर आज आपणांस दिसतें, पण त्या घराचा भार वाहणाराचें अंतःकरण दिसत नाहीं, तें याच कारणानें.

आपल्याकडे असा कायदा नव्हता, रूढीनेंच तें काम केलें. आपल्या गठ्ठ्यांत शोधून पाहावें: तरुणपणीं विधवा होऊन आयुष्यभर चुलीपाशीं राहिलेल्या आत्याबाईंचें एक तरी पत्र आहे काय? “आत्याची प्रकृति बरी आहे” याहून अधिक कोणी लिहिलें आहे काय? आणि “गड्याबरोबर धान्य पाठविलें आहे” असें जेथें आहे, तेथें त्या गड्याचें नांव तरी आहे काय?

म्हणून सूचना दोन आहेत. पहिली, पत्रें तारेंतून सोडवावीं, कारण तार गंजते व कागद खाते. तीं उलगडून सुती कापडांत कोरड्या जागीं ठेवावीं. मोडी पत्रें जाणकाराकडून वाचवून घ्यावींत. अशा कागदांचें मोल ओळखणारें भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यास 1910 पासून आहे. अप्रिय पत्र जाळूं नये. पाहिजे तर तें लखोट्यांत बंद करून पुढच्या पिढीसाठीं ठेवावें.

दुसरी सूचना अधिक तांतडीची आहे. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून, ज्यांनीं कधीं पत्र लिहिलें नाहीं त्यांच्याविषयीं विचारावें व तें लिहून काढावें. आतां मुलें दूरध्वनीवरून निरोप धाडतात आणि ते पुसले जातात. तेव्हां हा गठ्ठा बहुतेक घरांत शेवटचाच आहे. वांटणीची यादी करतांना भांड्यांखालीं एक ओळ त्यासाठींहि राखून ठेवावी, आणि तो कोणापाशीं राहील त्याचें नांव समोर लिहावें.