जिभेखालची गोळी रक्तदाबाची नव्हे

चिरनेरहून उरण किंवा पनवेलचं मोठं रुग्णालय गाठायला वेळ लागतो. त्यामुळे खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी बाळगणारा माणूस मला चुकीचा वाटत नाही. पण प्रेशरवाल्याचं डोकं जड झालं, की ‘ठेव जिभेखाली, उतरेल’ हा जो सल्ला मिळतो, तो खोडून काढलाच पाहिजे.

पूर्वपक्षात तथ्य आहे. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट गटातलं औषध आहे; त्यामुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात. वयोवृद्धांच्या ताठरलेल्या धमन्यांवरही ते काम करतं आणि वरचा आकडा खरोखर खाली येतो.

पण येतो कसा? हे औषध मुख्यतः शिरा सैल करतं. रक्त पायांत आणि पोटात साचतं, हृदयाकडे कमी परततं, म्हणून हृदयावरचा भार हलका होतो. बसलेल्या माणसाला हे मानवतं. ओटीवरून उठून रिक्षाकडे निघालेल्या, आधीच प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि लघवीची गोळी घेतलेल्या म्हाताऱ्याचा दाब मात्र उभं राहताच एकदम घसरतो आणि तो पायरीवरच कोसळू शकतो. शिवाय गोळीचा असर तास-दोन तासांत ओसरतो. रोज दिवसरात्र घेत राहिलं, तर शरीर एक-दोन दिवसांत सरावतं आणि औषध लागू पडेनासं होतं. रोजच्या रक्तदाबाला रोजचीच गोळी हवी.

‘या गोळीने अटॅक थांबतो’ हेही खरं नाही. ती गुठळी विरघळवत नाही. सुमारे 58 हजार रुग्णांवरच्या आयसिस-4 चाचणीत (1995) नायट्रेटने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

मग ती हवी कशाला? चालताना, चढताना छाती आवळून येते त्या दुखण्यासाठी. लंडनच्या विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये याच गटातल्या नायट्रोग्लिसरिनचा हा गुण मांडला आणि तो आजही टिकून आहे. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर खाली बसा, एक गोळी जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर 108 ला फोन करा. गेल्या 24 तासांत लैंगिक ताकदीसाठीची सिल्डेनाफिल घेतली असेल, तर ही गोळी घ्यायचीच नाही, दाब जिवावर बेतेल इतका पडतो. घरच्यांसमोर हे सांगायला पुरुष संकोचतात, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे.