रविवारचा पोळा

मंडळी, नमस्कार! आमच्या ख्रिस्ती समाजात चर्चच्या सभासदांनाही 'मंडळी' म्हणतात, तेव्हा हा नमस्कार तिकडेही पोचावा. आजचं लिखाण दोघांसाठी आहे.

आमच्या घरात दोन वर्षांपासून एक वाद चालू आहे. पुण्यातला माझा नातू धावतो. नुसता धावत नाही, जिममध्ये जाऊन वजनंही उचलतो. त्याचा ग्रुप लांब पल्ल्याला जमतो तो रविवारी पहाटे, आणि उपासना असते रविवारी सकाळी. वीस-बावीस किलोमीटर धावून आलेला मुलगा न्हाऊन-धुऊन वेळेवर देवळात कसा यावा? त्याची आई विचारते, "देव मोठा की मॅरेथॉन?" तो म्हणतो, "शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर, असं संडेस्कूलमध्ये तुम्हीच शिकवलंत ना?" मग दोघंही माझ्याकडे बघतात. चौतीस वर्षं मास्तरकी केलेली, त्यामुळे पंच मीच. तर हा निकाल, लेखी.

आधी आईच्या पक्षाला. आपल्याकडे व्यायामाकडे जरा संशयानेच बघतात. पोरगा दंड कमवायला लागला की त्याला देहाचा अभिमान झाला म्हणायचं, आणि दाखला पौलाचा द्यायचा. तीमथ्याला लिहिताना त्याने शरीराच्या व्यायामाचा उपयोग थोडाच आहे असं म्हटलंय, हे खरं. पण मी भाषा शिकवलेली बाई आहे. 'थोडा' म्हणजे 'नाही' नव्हे! हाच पौल करिंथकरांना पत्र लिहितो तेव्हा धावणाऱ्यांचा, मुष्टियोद्ध्यांचा आणि त्यांच्या संयमाचा दाखला देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, ते त्या वाचकांच्या माहितीतले होते. खेळ तुच्छ वाटत असता, तर त्याने ती उपमा घेतलीच नसती.

आणि आता आम्हा म्हाताऱ्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलंय, की मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. पासष्टीपुढच्यांनी शिवाय तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम तीन दिवस करावेत. वयाबरोबर स्नायू झिजतात, आणि नुसत्या चालण्याने ती झीज पुरती थांबत नाही. मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खाली-वर करते. फायदा? प्रार्थनेला गुडघे टेकता येतात, आणि मुख्य म्हणजे टेकल्यावर उठताही येतं!

आता नातवाकडे वळते. बाळा, धावणं बरोबर, वजनं बरोबर. तुझा विसावा कुठाय?

स्नायू व्यायाम करताना वाढत नाही. तेव्हा तो ताणला जातो, थोडा दुखावतो. भरून येतो, बळकट होतो तो नंतर, जेवणात आणि झोपेत. म्हणून तर त्याच स्नायूला पुन्हा जड काम देण्याआधी दोनेक दिवस जाऊ द्यावेत असं सांगतात. हाडाचंही तसंच. डागडुजीला वेळ न देता आपटत राहिलं की बारीक चीर पडते. मागच्या वर्षी याच्या नडगीला पडलीच. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं. ते सहाही रविवार तो देवळात आला, माझ्याशेजारी बसला. पण कसा? वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा. मला वाईट वाटलं ते त्याच्या पायापेक्षा याचं, की विसावा त्याला शिक्षा वाटत होता.

शब्बाथाची आज्ञा नीट वाचा. ती फक्त घरधन्याला नाही. चाकरांना, गुराढोरांनाही त्या दिवशी सुट्टी द्यायची आहे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो बैलाची खांदेमळणी करतो, हळद-तूप लावून जुवाखालचा खांदा चोळतो, आणि पोळ्याला बैल जुंपत नाही. आपलं शरीर हाही आपला बैलच की. शब्बाथ म्हणजे त्याचा दर आठवड्याचा पोळा.

एलीया संदेष्टा थकून, मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, तर झोपू दिलं. मग पुन्हा जेवू घातलं, आणि त्या बळावर तो होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालला. कुठल्याही कोचने भिंतीवर लावावं असं वेळापत्रक आहे हे.

एरिक लिडेलचं उदाहरण दोन्ही पक्ष देतात, म्हणून तेही पाहू. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो त्यात धावला नाही. चारशे मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. सिनेमात हे ऐनवेळचं धर्मसंकट दाखवलंय. खरं तर वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळलं होतं, आणि ते महिने त्याने चारशे मीटरच्या तयारीला लावले. श्रद्धा आणि सराव यांचा मेळ त्याने कॅलेंडर समोर ठेवून घातला. पुढे तो चीनमध्ये मिशनरी शिक्षक झाला. 1943 पासून जपान्यांच्या वेइशियन छावणीत कैदेत होता, तिथेच 1945 साली वारला. त्या छावणीत रविवारी मुलं पंचाशिवाय हॉकी खेळताना भांडायला लागली, तेव्हा हाच लिडेल रविवारी पंच म्हणून उभा राहिला. नियम त्याने वाकवला तो मुलांसाठी. स्वतःच्या पदकासाठी वाकवला नव्हता.

माझा निकाल याच धर्तीवर. सोमवार-शुक्रवार वजनं, मंगळवार-गुरुवार धावणं, बुधवारी हलकं चालणं, लांब पल्ला शनिवारी पहाटे. ग्रुप रविवारी जमतो? मग एखादा जोडीदार शनिवारचा शोधावा. पुण्यात काय कमी आहेत! रविवारी घड्याळ, बूट, मोजमाप सगळं बंद. स्पर्धा बहुतेक रविवारीच असतात. वर्षातल्या त्या एक-दोन रविवारांचं त्याने स्वतः ठरवावं, तो आता मोठा आहे. त्या एका शर्यतीच्या नावाखाली उरलेले पन्नास रविवार जातात, माझा आक्षेप त्याला आहे. आणि त्याच्या आईनेही शनिवारी पहाटे त्याला कामं सांगू नयेत, उलट परतल्यावर गरम नाश्ता द्यावा. देवदूताने दिला होता.

हे लिहून झाल्यावर नातवाला वाचून दाखवलं. तो "बघतो" म्हणाला. तेव्हा पुण्याच्या नातलगांना विनंती, लगेच फोन करून त्याला डिवचू नका. शनिवार येऊ द्या.