‘लमसम’ नको, मोजून सांगा!

कापसाचे पैसे हातात आले, की आपल्या बाभुळगाव तालुक्यात घराची कामं निघतात. त्यात बाथरूमचा नंबर हमखास लागतो. मिस्त्री येतात, आत एक नजर टाकतात आणि म्हणतात, “लमसम ऐंशी हजार होतील भाऊ.” मग घरात एकच चर्चा, किती कमी करतील? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. न मोजलेला आकडा रास्त की महाग, हे ठरवणार कसं?

आधी टेप घ्या. समजा, बाथरूम पाच बाय सातचं आहे आणि टाइल्स सात फुटांपर्यंत लावायच्या आहेत. चारही भिंतींची लांबी 24 फूट, म्हणजे 168 चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा करा, जमिनीचे 35 मिळवा. झाले साधारण 185. कटिंग आणि तुटफुटीसाठी दहा टक्के धरले, तरी दोनशेच्या थोडं वर. कोटेशनमध्ये 260 फूट टाइल्स दिसल्या तर भांडायचं नाही, फक्त विचारायचं, “काका, हे कसे काढले?”

मग कामं वेगळी लिहून घ्या. जुनी फरशी फोडणं, मलबा उचलणं, पाइपलाइन, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, नळ, सीट. प्रत्येकापुढे मजुरी किती, मटेरियल किती आणि कोणत्या कंपनीचं, हेही हवं. दोन मिस्त्रींचे आकडे लावून बघायचे तर यादी एकच पाहिजे. एकाने वॉटरप्रूफिंग धरलंय आणि दुसऱ्याने नाही, तर दुसरा स्वस्त नाही, त्याचं कामच अर्धं आहे.

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते आणि सरकारी कामाचं बिल मोजमाप पुस्तिकेवरून निघतं. ते दर घरच्या छोट्या कामाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण पद्धत उचलायला काय हरकत आहे? पैशांचंही तसंच. घरकुलाचे हप्ते काम जसं वर येईल तसे मिळतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मग मिस्त्रीला सुरुवातीलाच अर्ध्याहून जास्त रक्कम का द्यायची? आणि काम झाल्यावर त्याचा शेवटचा हप्ता तरी का अडवायचा?

कारण रास्त भाव दोन्ही बाजूंनी रास्त असावा लागतो. फोडल्यावर आत सडलेला पाइप निघाला, तर त्यात मिस्त्रीची चूक नाही. अशा जास्तीच्या कामाचा दर आधीच ठरवा. उगाच पाच-दहा हजार पाडले, तर ते त्याच्या मजुरीतून जातील, नाहीतर टाइल्सखाली न दिसणाऱ्या कामातून. टाइल्सची चमक पहिल्या दिवशी दिसते, भिंतीला ओल मात्र दोन पावसाळ्यांनी येते. म्हणून टाइल्स लावण्याआधी पाणी कोंडून 24 तास ठेवायला सांगा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

घरातल्या मोठ्यांना मिस्त्रीला असं विचारायला संकोच वाटतो, ‘ओळखीचा माणूस आहे, काय म्हणेल?’ पण ओळख टिकवायची असेल तर कागद हवाच. आपण शिकलेली पोरं आहोत. रील बघून टाइल्सचा रंग निवडण्याआधी टेपचं एक टोक आपण धरूया.