फर्मान आणि कायदा
२०१८ साली इस्तंबूलमधील सौदी वाणिज्य दूतावासात पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या झाली, जग हादरले. निझामी राजवट भोगलेल्या मराठवाड्याला मात्र हे अपरिचित नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादेत रझाकारांनी ठार केले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तर पेशाने वकील, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरचा! फर्मान हाच जेथे कायदा, तेथे ना लेखणी सुरक्षित, ना प्रजा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना नळदुर्गात शिरली आणि जिल्ह्याला मुक्तीची पहाट दिसली. २०२३ मध्ये धाराशिवला स्वतःचे नावही परत मिळाले. आता पंथ न पाहता प्रत्येकाला कायद्याचे समान अभय, हीच त्या मुक्तीची खरी कसोटी!